एफ-वन दाबून पुढे

बेकतूरचा लॅपटॉप घरी आला तो पिठाच्या पिशवीतून,
बिजागरी तुटलेली, पडद्यावर कोळ्याचं जाळं.
येकातेरिनबुर्गच्या बसमध्ये कुणीतरी त्यावर बसलं म्हणे.
सोबत चिठ्ठी: भंगारात दे, नाहीतर बघ.

मी बघितलं.
सगळं मेलं होतं, मधला एक चौकोन सोडून.
नखाएवढा काळा आरसा. डोक्यावर टोपी नाही,
डेस्कटॉपवाले कसे धातूची टोपी घालून बसतात, तसं काही नाही.
उघड्या डोक्याचा.

आमच्या शिलाईखान्यातल्या डब्याला
बेचाळीस नंबरचा ब्लाउज उलगडायला सकाळचा चहा संपेस्तोवर वेळ लागायचा,
आणि नवा प्रोसेसर म्हणजे महिन्याभराचे ब्लाउज.
मी ग्वांगझूहून हिरवी चकती मागवली,
लॅपटॉपचा जीव डेस्कटॉपच्या खाचेत बसवणारी.

आई म्हणाली, थोरल्याचा कोट उसवून धाकट्याला, तसंच ना?
उलटं, आई. धाकट्याचा थोरल्याला.
ती हसली नाही. कापड पुरतं का, एवढंच विचारलं.
पुरतं. वर चौदाशे चाळीस टाके, खाली अकराशे एक्कावन्न.
मग उरलेल्यांचं काय?
त्यांना कुणी विचारत नाही.

रात्री बायका गेल्यावर इस्त्रीच्या टेबलावर बसले.
बाहेर बिश्केकवर कोळशाचा धूर, आत राळेचा.
पहिल्यांदा दोन मणी एकमेकांना चिकटले.
दुसऱ्यांदा चकती तिरकी बसली, शिवण गेल्यासारखी,
आणि मी अशी शिवी दिली की आईने पडदा सारून पाहिलं.
उसवलं. पुसलं. पुन्हा मांडलं.
तिसऱ्यांदा कथील वितळलं तेव्हा
तो चौकोन स्वतःहून जरासा हलला
आणि झोपेत माणूस कूस बदलतो तसा
आपल्या जागेवर येऊन निजला.
मी श्वास कधी धरला होता कुणास ठाऊक.

पंखा त्याच्या डोक्यापर्यंत टेकेना, म्हणून तांब्याची पट्टी घातली.
स्क्रू जास्त आवळले तर कवटी तडकते,
म्हणून खाली कोटाची चार बटणं.
कुठल्या कोटाची ते सांगत नाही.

पंखा फिरला, थांबला, फिरला.
काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं:
अनोळखी प्रोसेसर. पुढे जायचं असेल तर एफ-वन दाबा.

काय म्हणतंय?
म्हणतंय, हा कोण ते माहीत नाही.
आई चष्मा वर करून बराच वेळ वाचत राहिली, जणू खाली आणखी काही लिहिलेलं असेल.
मग दाब की, म्हणाली.

बॅटरीवर जगलेला गडी तो,
पंचेचाळीस वॅटच्या वर जायचंच नाही असा दंडक त्याला.
मी आकडा नव्वद केला.
आता भिंतीतली वीज आहे, संपणारी नाही, त्याला सांगायचं कसं?
पहिले काही दिवस तरी तो
शेवटचे दोन टक्के उरल्यासारखाच चालायचा,
किंवा मलाच तसं वाटायचं.
आता बाह्या, कॉलर, पाठ, खिसे
कापडावर असे दाटीने मांडतो की बोटभर चिंधी उरते.
आई तीही कुराकसाठी ठेवते.

रविवारी बेकतूरचा फोन.
गोदामाचं बरं चाललंय. कचेरीत सहा तास उभा होतो,
कागदावर नाव पुन्हा चुकीचं लिहिलं.
मग?
मग काय, शिक्का मारला. पुढे.
तुझा प्रोसेसर चालतोय, मी म्हटलं.
कसला प्रोसेसर?
तो विसरूनही गेला होता.

नाव नोंदवायची सोय आहे. कुठेतरी एक फाइल बदलायची,
तासाभराचं काम, मग तो रोज विचारणार नाही.
मी अजून केलेलं नाही.
सकाळी सातला कुलूप मी काढते, दिवे आई लावते,
आणि कोट उतरवायच्या आधी
अंगुस्तान घातलेल्या बोटाने ती कळ दाबते.
कळीवरचा एफ पुसून गेलाय.
एक अजून दिसतो.